विश्लेषण : झाडीच्या जमिनीसाठी ट्रॅक्टर किती एचपीचा? एचपीआधी वजन, रुंदी आणि उतार मोजणे का गरजेचे?

मुंबई-पुण्याची नोकरी सांभाळून गावची वडिलोपार्जित जमीन पुन्हा कसायला घेणाऱ्यांची संख्या कोकणात कमी नाही. थोडे आंबा-काजू, थोडी नारळ-सुपारी आणि उरलेल्या भागात ऐन, किंजळ, आकेशियाचे रान असे या जमिनीचे सर्वसाधारण रूप. हाताशी मजूर मिळत नाही, त्यामुळे ट्रॅक्टर घेण्याचा विचार पुढे येतो. शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो ‘किती एकर?’ आणि लगेच उत्तर मिळते ते एचपीमध्ये. मात्र हे गणित सपाट, उघड्या शेतासाठी बनलेले आहे. झाडी, उतार आणि अरुंद वाटा असलेल्या जमिनीत ते फसते. लहान यंत्र घेतले तर काम अडते आणि मोठे घेतले तर ते बेड्यातूनच आत जात नाही. चुकीच्या आकाराचे यंत्र उतारावर जिवावरही बेतू शकते. त्यामुळे निवड करताना नेमके काय पाहावे, हे समजून घेऊ.

एचपी नेमके काय सांगते?

एक एचपी म्हणजे साधारण ७४६ वॉट. इंजिन किती वेगाने काम उरकू शकते, याचे ते माप आहे. ट्रॅक्टर किती ओझे ओढू शकेल, हे त्यातून थेट कळत नाही. जाहिरातीत दिसणारा आकडा बहुतेक वेळा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर, फवारणी पंप, लाकूड चिपर अशी यंत्रे मागच्या पीटीओ शाफ्टवर चालतात आणि तिथे पोहोचणारी ताकद इंजिनपेक्षा कमी असते. गिअर आणि हायड्रॉलिक पंपात काही ताकद खर्ची पडते. म्हणून अवजार घेताना ‘पीटीओ एचपी किती’ हे विचारावे. अनुदानाच्या नियमांतही हाच आकडा पाहिला जातो.

मग ओढण्याची क्षमता कशावर ठरते?

ट्रॅक्टरचे वजन आणि टायरची जमिनीवरील पकड, या दोन गोष्टींवर. एक उदाहरण घेऊ. चालकासह १,००० किलोचा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि शेणखताने भरलेली १,००० किलोची ट्रॉली, असे एकूण २,००० किलो वजन पाच फुटांना एक फूट चढणाऱ्या वाटेवरून न्यायचे आहे. निव्वळ चढासाठी सुमारे ४०० किलोचा जोर लागतो. मऊ जमिनीत चाके फिरवण्यासाठी आणखी सव्वाशे ते दीडशे किलो धरावेत. म्हणजे एकूण गरज साधारण ५५० किलो जोराची.

कोरड्या, घट्ट मातीत टायरची पकड ट्रॅक्टरच्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास मिळते. म्हणजे उन्हाळ्यात हा ट्रॅक्टर कसाबसा चढेल. पावसात निसरड्या मातीवर ही पकड ३० टक्क्यांपर्यंत घसरू शकते. तेव्हा तोच ट्रॅक्टर, तेच इंजिन आणि तीच ट्रॉली असूनही चाके जागेवर फिरतील. टू व्हील ड्राइव्हमध्ये चालना फक्त मागच्या चाकांना असल्याने सगळे वजन ओढण्याच्या कामी येत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांतही तो अशा चढावर अडण्याची शक्यता मोठी.

आता एचपीचा हिशेब पाहा. ताशी ३ किलोमीटर वेगाने ५५० किलोचा जोर लावण्यासाठी चाकांपाशी जेमतेम ६ एचपी लागतात. गिअरमधील घट धरली तरी आकडा १० च्या आतच राहतो. म्हणजे इथे इंजिन कमी पडत नाही, वजन आणि पकड कमी पडते. उतारावर राहणाऱ्याने १० एचपी जादा घेण्याऐवजी फोर व्हील ड्राइव्ह, चांगले टायर आणि टायरमध्ये पाणी भरून वाढवलेले वजन यांवर पैसे खर्च करणे अधिक फायद्याचे.

ओंडके ओढायचे असतील तर?

ओंडक्याच्या वजनाचा अंदाज डोळ्याने हमखास चुकतो. ओले लाकूड घनमीटरला ९०० किलो धरले, तर ३ मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका सुमारे १९० किलो भरतो. त्याच लांबीचा, पण ६० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका तब्बल ७६० किलोच्या घरात जातो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते. दिसायला ‘थोडा जाड’ ओंडका लहान ट्रॅक्टरच्या आवाक्याबाहेर जातो तो असा. उपाय सोपा आहे. बुंधा जागेवरच तोडून तुकडे लहान करावेत. वर्षातून एखाद्या वेळी येणाऱ्या मोठ्या ओंडक्यासाठी किंवा खोडे उपटण्यासाठी जेसीबी भाड्याने आणणे परवडते.

बागेत किती रुंदीचा ट्रॅक्टर मावतो?

हापूसची पारंपरिक लागवड १० बाय १० मीटरवर, तर घन लागवड ५ बाय ५ मीटरवर केली जाते. काजू साधारण ७ ते ८ मीटरवर, नारळ साडेसात मीटरवर आणि सुपारी २.७ मीटरवर असते. कागदावर हे अंतर ऐसपैस वाटते. प्रत्यक्षात १० वर्षांच्या घन लागवडीत फांद्या एकमेकींना भिडतात. सुपारीच्या बागेत मध्ये केळी, मिरीचे वेल आणि पाट असतात. त्यामुळे बुंध्यांमधील नव्हे, तर फांद्यांमधील मोकळी जागा मोजावी आणि दोन्ही बाजूंना किमान दोन फूट सोडून उरलेली रुंदी ट्रॅक्टरची समजावी.

उंचीही तितकीच महत्त्वाची. उभा सायलेन्सर आंब्याच्या खालच्या फांद्यांत अडकतो. बागेसाठीच्या काही मॉडेलमध्ये तो खाली वळवलेला असतो. घरापासून बागेपर्यंतची वाटही फिरून पाहावी. गडग्यातील बेडे किती रुंद आहे, मोरी किती वजन पेलते, वळणावर ट्रॉलीसह वळता येते का, हे आधी तपासायला हवे. वाडीत जायला केवळ पायऱ्यांची पाखाडी असेल तर ट्रॅक्टरचा विषय तिथेच संपतो.

कोणत्या जमिनीला कोणता आकार?

ढोबळ वर्गवारी अशी करता येईल :

• एक एकरपर्यंत, लहान कुणगे किंवा दाट सुपारी : ट्रॅक्टर नको. पॉवर टिलर किंवा वीडर आणि खांद्यावरचा ग्रास कटर पुरेसा.

• दोन ते पाच एकर, मध्यम उतार, किमान पाच फुटी वाट : १८ ते २८ एचपीचा अरुंद फोर व्हील ड्राइव्ह. गवत कापणे, फवारणी, खत आणि क्रेटची वाहतूक, लहान ओंडके अशी बहुतेक कामे यात होतात.

• पाच एकरांहून अधिक, पक्की वाट, नियमित लाकूडकाम किंवा मोठा चिपर : ३० ते ४५ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह.

• त्याहून मोठा : सोबत सपाट शेतात खोल नांगरट असेल तरच. ५० एचपीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक प्रदूषण निकष लागू झाले असून त्यामुळे ते तुलनेने महाग आहेत.

कातळावर किंवा जांभ्याच्या उथळ मातीत खोल मशागतीचा प्रश्नच येत नाही. रोटाव्हेटरची पाती तिथे तुटतात आणि झाडांची वरची मुळेही कापली जातात. त्यामुळे नांगराच्या हिशेबाने एचपी वाढवण्याचे कारण उरत नाही.

लहान ट्रॅक्टर कमी दर्जाचे असतात का?

हा समज आता जुना झाला. द्राक्षबागांमुळे नाशिक पट्ट्यात अरुंद ट्रॅक्टरची मागणी आधीपासून आहे. स्वराजने २०२१ मध्ये फळबाग आणि भाजीपाल्यासाठी ११ एचपीचे ‘कोड’ हे यंत्र आणले. महिंद्रने १५ ऑगस्ट २०२३ रोजी हलक्या वजनाची ‘ओजा’ मालिका सादर केली. भारतात ती २० ते ४० एचपीमध्ये असून सर्व मॉडेल फोर व्हील ड्राइव्ह आहेत. कुबोटाचे २४ आणि २७ एचपीचे ट्रॅक्टरही याच गटातले. मात्र हलके यंत्र म्हणजे कमी पकड, हे वरचे गणित इथेही लागू होते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

ट्रॅक्टर उलटणे. ओंडक्याची साखळी मागच्या अ‍ॅक्सलला किंवा वरच्या लिंकला बांधली आणि ओंडका खोडात अडकला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे साधारण दीड सेकंदात घडते. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. आडव्या उतारावर अरुंद ट्रॅक्टर लवकर कलंडतो, म्हणून सरळ वर-खाली चालवावा आणि उतरताना सुरुवातीपासूनच लहान गिअर ठेवावा. चालकाभोवतीची संरक्षक चौकट, म्हणजे रॉप्स, असलेले मॉडेल घ्यावे आणि चौकट उभी असताना सीट बेल्ट लावावा. चौकट नसेल किंवा दुमडलेली असेल तर बेल्ट लावू नये. रानात खोडांचा मार बसू नये म्हणून समोर जाळी आणि इंजिनखाली पत्रा बसवून घेणेही गरजेचे.

विकत घ्यावा की भाड्याने?

समजण्यापुरते आकडे घेऊ. ट्रॅक्टर ५ लाखांचा आणि १० वर्षांनी दीड लाखाला विकला, तर वर्षाला ३५ हजारांची घट. सरासरी सव्वातीन लाखांवर १० टक्के व्याज म्हणजे ३२,५०० रुपये. विमा आणि देखभालीचे १५ हजार. एकूण ८२,५०० रुपये, ट्रॅक्टर उभा असला तरी. भाड्याचा दर तासाला ८०० रुपये आणि स्वतःच्या ट्रॅक्टरचा डिझेल-चालक खर्च ४०० रुपये धरला, तर तासामागे वाचतात ४०० रुपये. म्हणजे वर्षाला किमान २०६ तास काम असेल तरच खरेदी परवडते. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब प्रत्येकाने करावा. पाच एकर बागेत इतके तास भरत नसतील, तर शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी मिळून एक यंत्र घेणे किंवा अवजार बँकेतून भाड्याने आणणे शहाणपणाचे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, तर इतरांना ४० टक्के अनुदान ठरावीक कमाल मर्यादेत मिळते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचे जाऊ शकते.

रान साफ करण्यापूर्वी काय पाहावे?

जमीन स्वतःची असली तरी साग, खैर, ऐन, आंबा, फणस यांसारखी झाडे तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगी लागते. सातबाऱ्यावर खासगी वनाची नोंद असेल तर निर्बंध आणखी कडक होतात. त्यामुळे ‘सगळे रान मोकळे करायचे’ म्हणून मोठा ट्रॅक्टर घेण्याआधी, त्यातले किती कायद्याने मोकळे करता येते हे तलाठी आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे. अनेकदा उत्तर ऐकल्यावर गरजेचा आकार आपोआप कमी होतो. उरलेल्या कामासाठी निवडलेल्या मॉडेलचे प्रात्यक्षिक मात्र शोरूमच्या डांबरावर नव्हे, तर स्वतःच्या चढावर, भरलेल्या ट्रॉलीसह आणि शक्य झाल्यास एका पावसानंतर घ्यावे.