पाचव्या फ्लोरिसच्या चित्रातला चेहरा कोणाचा?

हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस 1254 मध्ये जन्मला आणि 27 जून 1296 रोजी त्याच्याच सरदारांनी त्याचा खून केला. फिलिप्स गालेने हॉलंडच्या काउंटांची चित्रमालिका तांब्याच्या पत्र्यांवर कोरून अँटवर्पमध्ये छापली ती 1578 साली. मध्ये 282 वर्षं गेली! म्हणून तिच्यातला फ्लोरिस हा हुबेहूब फ्लोरिस नव्हे, असं माझं ठाम मत आहे. कोणी म्हणेल, जुने नमुने असतीलच की. आहेत, हार्लेममध्ये फळ्यांवर रंगवलेले काउंट आजही दिसतात, पण तेही पंधराव्या शतकाच्या अखेरचे. फ्लोरिसच्या काळातल्या सरदारी मोहरांवर घोडेस्वार असतो खरा, मात्र त्याची ओळख पटते ढालीवरच्या चिन्हावरून आणि कडेच्या अक्षरांवरून, नाकाडोळ्यांवरून नाही.

मग चित्र टाकाऊ ठरतं का? मुळीच नाही. 1578 मध्ये स्पेनविरुद्धचं बंड पेटलेलं होतं. 1581 मध्ये डच प्रांतांनी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची सत्ता झुगारली. अशा काळात हॉलंडच्या जुन्या काउंटांची सलग परंपरा डोळ्यांसमोर मांडणं मोलाचं होतं. हे चित्र तेराव्या शतकाचा नव्हे, सोळाव्या शतकाचा अस्सल पुरावा आहे. अशी चित्रं पाहताना चेहऱ्याआधी कोरणीचं साल जरूर वाचा.