शिंदळ माकुडीची पाहणी

सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी ही रुईच्या कुळातील वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गतः आढळत नाही. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी तिची नोंद झालेली आहे.

तिच्या पाहणीत हंगामास फार महत्त्व आहे. उन्हाळ्यात पाने गळून केवळ मांसल कांड्या उरतात व त्या खडकावरील वाळक्या काटक्यांसारख्या दिसतात. चैत्रात कडा पाहून ‘वनस्पती नाही’ असे लिहिणे म्हणजे चुकीची नोंद करणे होय. पावसाळ्यात पाने येतात आणि श्रावण-भाद्रपदात पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी फुले उमलतात. पाहणी तेव्हाच करावी. केवळ नावावर विसंबू नये, कारण काही भागांत याच कुळातील दुसऱ्या वनस्पतींनाही शिंदळ माकुडी म्हणतात. त्यांच्या कांड्यांवर अशी ठळक पाने नसतात.

मोजणी वाटते तितकी सोपी नाही. फांद्या एकमेकींत गुंतून लोंबत असल्याने एक झाड कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. यास्तव झाडे न मोजता जुंबाडे मोजावेत, आणि बियांपासून उगवलेली लहान रोपे निराळी लिहावीत. जुन्या जुंबाड्यांची संख्या मोठी असून रोपे मुळीच नसतील, तर ती जागा सुस्थितीत आहे असे मानता येणार नाही. कड्याची दिशा, उंची, सोबतचे गवत व झुडपे, शेळ्यांचा वावर आणि वणव्याच्या खुणा यांचीही नोंद घ्यावी. जेथे शोधूनही वनस्पती मिळाली नाही, ती जागाही लिहून ठेवावी. पुढील पाहणीस तिचाच आधार होतो.

कड्यालगत ज्यांची शेते व गवताची राने आहेत, त्या शेतकऱ्यांचे साहाय्य येथे मोलाचे आहे. गवतास लावलेली आग कड्याच्या काठापर्यंत गेल्यास वरची जुंबाडे होरपळतात.

नमुना म्हणून झाड उपटू नये. छायाचित्र पुरेसे आहे. फांदी लावून हे झाड सहज जगते खरे, परंतु तशी सर्व रोपे एकाच मूळ झाडाची प्रतिरूपे असतात. सापडलेली नेमकी जागा वनखात्यास कळवावी, गावच्या फलकावर लिहू नये.