खात नाही, की खाऊन आलाय?

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात जा (पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय), नाहीतर महालक्ष्मीला 2024 साली सुरू झालेल्या टाटांच्या प्राणी-रुग्णालयात. कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्यांत एक तक्रार ठरलेली असते: "काही खातच नाही हो!" शेजारचा लगेच उपाय सुचवतो, आणि तिथूनच गैरसमज पसरत जातात.

"सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या."

चाळीत तरी हे वाक्य तपासून घ्यावं. गिरगावातली लांब गॅलरी, दिवसभर उघडी दारं आणि सगळ्यांचा लाडका स्पिट्झ. एका दारात चहाबरोबर ग्लुकोज बिस्कीट, पुढच्या दारात खारीचा तुकडा, कोपऱ्यातल्या आजोबांच्या ताटातली पोळीची कड. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी पुरतात. एका ग्लुकोज बिस्किटात वीस ते पंचवीस असतात, म्हणजे सहा बिस्किटांत त्याच्या दिवसाच्या जेवणाचा तिसरा हिस्सा संपला. मग संध्याकाळी तो वाडग्याकडे बघून तोंड फिरवतो, यात नखरे कसले? वरखाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवावा, असं पशुवैद्य सांगतात. त्यासाठी अख्ख्या मजल्याला हात जोडून विनंती करावी लागते आणि कुत्र्याला शिस्त लावण्यापेक्षा ते जास्त अवघड असतं.

पिल्लाच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. वाढीच्या पहिल्या महिन्यांत त्याची भूक वजनाच्या मानाने मोठ्या कुत्र्याच्या दुप्पट असते. वाढ मंदावली की ती आपसूक कमी होते आणि घरचे घाबरतात. फासळ्यांवरून हात फिरवून बघा. हलक्या हाताला त्या लागत असतील पण डोळ्यांना उठून दिसत नसतील, तर तब्येत ठीक आहे.

"रोज तेच खाऊन कंटाळला असेल, चव बदलू."

माणसाच्या तोंडात चवीच्या सुमारे नऊ हजार कळ्या असतात, कुत्र्याच्या तोंडात जेमतेम सतराशे. तो जेवण पारखतो नाकाने. म्हणून फ्रिजमधून काढलेलं गार जेवण तो नाकारतो आणि तेच कोमट करून दिलं की चाटूनपुसून संपवतो. कोरड्या तयार खाण्यावर थोडं कोमट पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, वास मोकळा होतो. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीतलं हे खाणं लवकर खवट होतं. आपल्याला कळत नाही, त्याला पहिल्या हुंगण्यातच कळतं. पिशवीचं तोंड घट्ट गुंडाळून ती तशीच हवाबंद डब्यात ठेवावी.

उलट रोज नवा पदार्थ पुढे केला की तो एवढंच शिकतो: नाही म्हटलं की याहून चांगलं येतं. वाडगा ठेवावा, पंधरा-वीस मिनिटांनी न बोलता उचलावा, पुढच्या वेळेपर्यंत मधे काही नाही. खाणं बदलायचंच असेल तर आठवडाभरात, थोडं थोडं मिसळत.

"वरून दोन चमचे रस्सा घाला, बघा कसा खातो."

खातो, आणि हाच सगळ्यांत धोक्याचा सल्ला. लालबागच्या गल्लीतून कुटून आणलेल्या मसाल्याचं तिखट ही त्यातली किरकोळ बाब. खरा घात कांदा-लसणाचा. त्यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्याने हा गुण जात नाही. पाच किलोच्या कुत्र्याला पाऊण वाटी कांदासुद्धा बाधू शकतो. लक्षणं दिसतात दोन-चार दिवसांनी: हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, कुत्रा मलूल. तोवर रविवारचं मटण कुणाच्या लक्षातही नसतं. कांदा-लसूण न शिजणाऱ्या घरांतला श्रावण कुत्र्याला निदान या बाबतीत मानवतो! रस्साच हवा तर फोडणीआधी, बिनमिठाचं चिकनचं पाणी बाजूला काढून ठेवावं.

भात मात्र उगाच बदनाम आहे. स्टार्च पचवण्याची क्षमता कुत्र्याने माणसाच्या संगतीत कमावली, हे 2013 साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दूधभातावर ठेवणं वाईट, कारण त्यात प्रथिनं अपुरी पडतात आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही.

"भुकेला कोंडा. भूक लागली की झक मारत खाईल."

धडधाकट, नखरेल कुत्र्याच्या बाबतीत हे खरं. पण कालपर्यंत वाडगा चाटणारा कुत्रा आज अचानक थांबला, तर तो नखरा नव्हे. गोचिडताप, पावसाळ्यातला लेप्टो, दातदुखी, काहीही असू शकतं. घास उचलून खाली टाकत असेल किंवा एकाच बाजूने चावत असेल, तर आधी दात बघा. मोठ्या कुत्र्याने चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टर गाठावा. उलटी, जुलाब, ताप असेल तर तेवढंही थांबू नये. लहान पिल्लाला उपाशी ठेवून धडा शिकवायच्या फंदात तर पडूच नका, त्याच्या रक्तातली साखर काही तासांत घसरते.

गणपतीचे दहा दिवस लालबाग-परळमध्ये भूक उडण्याचं वेगळंच कारण असतं. ढोल-ताशे, फटाके, रात्रभर गर्दीचा आवाज. भेदरलेल्या कुत्र्याला आग्रह करू नये. पहाटे रस्ता जरा शांत असतो तेव्हा मुख्य जेवण द्यावं, वाडगा आतल्या खोलीत ठेवावा. आणि दर्शनाला आलेले पाहुणे प्रेमाने बेदाणे घातलेला मोदक किंवा लाडू पुढे करतील, त्यांना दारातच अडवावं. बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात.