नकारपत्र आणि अठ्ठावीस दिवस



संत पौलावर खोटे आरोप आले, तेव्हा त्याने राज्यपाल फेस्तापुढे उभे राहून कैसराजवळ दाद मागितली. कायद्याने दिलेला हक्क मागणे हे त्या थोर प्रेषितास श्रद्धेच्या उणेपणाचे लक्षण वाटले नाही. परदेशी नोकरीचा व्हिसा नाकारला गेलेल्या तरुणांनी व त्यांच्या आईबापांनी हा प्रसंग ध्यानी धरावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या ख्रिस्ती घरांतील मुले आखाताप्रमाणे ऑस्ट्रेलियासही चाकरीसाठी जातात. तेथे मालकाच्या पुरस्कारावर मिळणाऱ्या व्हिशाच्या दोन पायऱ्या आहेत. प्रथम मालकाने जागेसाठी नामनिर्देशनाचा अर्ज करावयाचा. ती जागा खरोखरीची आहे व वेतन योग्य आहे, हे त्याने दाखवावे लागते. दुसरा अर्ज कामगाराचा. त्यात त्याचे कौशल्य व अनुभव पारखला जातो. पहिली पायरी ढासळली की दुसरीही टिकत नाही.

अर्ज फेटाळला गेला म्हणजे सर्व संपले असे नव्हे. १४ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी नवे प्रशासकीय फेरविचार न्यायाधिकरण काम करीत आहे. अधिकाऱ्याची चूक काढण्यापुरतेच त्याचे काम नाही. ते संपूर्ण प्रकरण नव्याने तोलते व नवे पुरावेही पाहते. अर्जदाराचे म्हणणे पटले तर ते बहुधा प्रकरण खात्याकडे परत पाठविते. म्हणून तेथील यश म्हणजे त्याच दिवशी हाती व्हिसा, असे समजू नये.

मुदत मात्र कडक आहे. नकार कळविल्यापासून सामान्यतः अठ्ठावीस दिवसांत अर्ज झाला पाहिजे. ती वाढवून मिळत नाही. शुल्क सुमारे साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर असून, निकाल अनुकूल लागल्यास त्यातील निम्मे परत मिळते. ऑस्ट्रेलियाबाहेर असलेल्या कामगारास स्वतःला हा हक्क सहसा नसतो. तो कोणास आहे हे नकारपत्रातच लिहिलेले असते. म्हणून ते पत्र लाजेने पेटीत दडवू नये. त्याच दिवशी जाणत्याकडून वाचून घ्यावे. मालकाचाच अर्ज नाकारला गेला असेल, तर मालकानेही दाद मागितली आहे काय, हे आधी विचारावे. त्याने हात झटकले असतील, तर शुल्क भरूनही कामगाराचा पाया उरत नाही.

येथेच मोहाची घडी येते. जमीन गहाण पडलेली, व्याज वाढते आहे, आणि एखादा दलाल कानाशी लागतो की, अनुभवाचा दाखला करून देतो. मुलांनो, खोटा कागद उघडकीस आला तर तीन वर्षे त्या देशाचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. खऱ्याची बाजूही त्याने खोटी ठरते, आणि विवेकावर पडलेला डाग कोणतेही न्यायाधिकरण पुसू शकत नाही. सल्ला हवा असल्यास तेथील सरकारच्या नोंदवहीत नाव असलेल्या सल्लागाराकडेच जावे.

पोप बारावे पायस ह्यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी प्रेषितीय घोषणा प्रसिद्ध केली, तेव्हा नाझरेथच्या पवित्र कुटुंबाचे मिसरातील परदेशवास त्यांच्या डोळ्यांपुढे होते. ज्या घरी असे नकारपत्र येईल, त्या घरास शेजाऱ्यांनी टोमणे न मारता आधार द्यावा. दाद मागणे आपले काम. ती धीराने व सत्याने मागावी. निकाल काहीही लागो, मुलगा ताठ मानेने घरी परत येऊ शकेल.