उंसाच्या रोपवाटिकेंत डोळे कां फुटत नाहींत?

उंसाची टिपरी थेट सरींत न लावतां प्रथम ट्रेमध्यें एकडोळा रोपें तयार करून मग लावण करण्याची रीत आपल्या बागाइती मुलखांत आतां बरीच रूढ झाली आहे. तींत बेणें पुष्कळ वांचतें, हें खरें. परंतु तीन डोळ्यांच्या टिपरींतील एक डोळा फुटला तरी त्या जागीं ऊंस उभा राहतो. येथें तो एक फसला कीं कप्पा रिकामाच. म्हणून बेण्याच्या निवडीस पूर्वींपेक्षां अधिक महत्त्व आलें आहे, आणि नेमकी तेथेंच हयगय होते.

गाळपास आलेला ऊंस बेण्यासहि चालतो, ही समजूत आम्हीहि एके काळीं बाळगिली होती. घरचें म्हणून चौदा महिन्यांच्या खोडव्याचें बेणें तोडलें. पंधरवडा उलटला तरी निम्म्याहून अधिक कप्पे जसेच्या तसे! पाणी, कोकोपीट, हवा, सर्वांस दोष देऊन झाला. बेण्याकडे मात्र लक्ष गेलें नाहीं.

कारण असें कीं, ऊंस पिकतो तसतशी कांड्यांत साखर सांठते. पण कोंबास आरंभीं लागणारी ग्लुकोजसारखी साधी साखर, नत्र व ओलावा हीं कमी होत जातात. बुडख्याकडील डोळे तर जुने व टणक झालेले असतात. यास्तव बेणेंमळ्यांतील ९ ते ११ महिन्यांचा, निरोगी, लावणीचाच ऊंस घ्यावा व बुडख्याकडील तिसरा हिस्सा खुशाल गुऱ्हाळास द्यावा. वाहतुकींत पाचट अंगावर ठेवावें, म्हणजे डोळे दुखावत नाहींत. तोडलेलें बेणें २४ तासांच्या आंत वापरावें.

कोयता धारदार असावा. कांडें पिचलें कीं बुरशीस दार उघडें. डोळ्याच्या वर एक भाग व खालीं दोन भाग कांडें राखावें. नंतर १०० लिटर पाण्यांत १०० ग्रॅम कार्बेंडाझिम मिसळून त्यांत टिपऱ्या १० ते १५ मिनिटें बुडवाव्या. हें काम हातमोजे घालूनच करावें.

राहतां राहिली ऊब. सुमारें ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत डोळे झपाट्यानें फुटतात. २० अंशांखालीं ते रेंगाळतात. सुरू हंगामाच्या थंडींत भरलेले ट्रे एकावर एक रचून कागदानें झांकावे, आणि कोंब दिसूं लागतांच विलंब न लावतां उजेडांत मांडावे.