डिकीतली नकली बंदूक आणि नाक्यावरचा हवालदार

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गेली पंचवीस वर्षे मी हौशी नाट्यसंस्थांना प्रॉपर्टी पुरवतो. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. रंगमंचावर लागणारे टेलिफोन, कंदील, हुक्के, तलवारी आणि बंदुका, या सगळ्याला आमच्याकडे प्रॉपर्टी म्हणतात. राहायला नेरुळला. वाशीचे भावे नाट्यगृह, पनवेलचे फडके नाट्यगृह, ठाण्याचे गडकरी रंगायतन, अशी माझी येरझार चालते, आणि प्रयोग संपवून, सामान बांधून निघेपर्यंत बहुधा मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे नेमकी नाकाबंदीची वेळ.

पूर्वी नाटकातले पिस्तूल लाकडाचे असे. त्याला काळा ऑइलपेंट फासायचा आणि नटाने चाप ओढला की विंगेत कोणीतरी फटाका वाजवायचा. फटाका उशिरा वाजला की खलनायक आधी पडे आणि गोळी मागून सुटे. प्रेक्षक हसत, पण त्या पिस्तुलाला कोणी भीत नसे. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचेही तसेच. ते खेळणे आहे हे लांबूनही कळे.

मग एअरसॉफ्ट आली. हा प्रकार मूळचा जपानचा. तिथे खऱ्या बंदुकीवर कडक बंधने, म्हणून १९७० च्या दशकात हौशी लोकांसाठी हुबेहूब दिसणाऱ्या, पण ६ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा छर्रा उडवणाऱ्या बंदुका तयार झाल्या. आकार खऱ्या बंदुकीचा. चांगल्यापैकी असेल तर धातूचे अंग, हातात घेतल्यावर जाणवणारे वजन, खटका दाबला की खाली सरकणारे मॅगझिन. दिग्दर्शक खूश आणि नट तर त्याहून खूश. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ती खोटी वाटत नाही.

आता हीच वस्तू रात्री दीड वाजता ऐरोलीच्या पुलाजवळ, टॉर्चच्या उजेडात, डिकी उघडल्यावर हवालदाराला दिसते. त्याला काय वाटावे?

लोक मला विचारतात, "अहो, खोटी आहे ना? मग पोलिसांना काय अधिकार?" या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही, म्हणून थोडे कायद्यात शिरू या.

आपला शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्यात शस्त्राची व्याख्या करताना खेळणी वगळली आहेत, पण शब्द मोठे सावध आहेत. खेळणे म्हणून वापरण्यापलीकडे जिचा उपयोग होऊ शकत नाही आणि जिचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, तीच वस्तू वगळली आहे. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये नकली बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. जी बंदुकीसारखी दिसते ती नकली बंदूक, मग तिच्यातून काही सुटो वा न सुटो. अशा वस्तूचे परवान्याशिवाय खऱ्या बंदुकीत रूपांतर करणे हा गुन्हा. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही १९५९ मध्येच ठाऊक होते की खोट्याची खरी करणारे कारागीर आपल्याकडे आहेत.

पुढे २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीला परवाना कधी लागतो, याची मापे त्यांत दिली आहेत. शक्ती २० जूलपेक्षा जास्त असेल किंवा नळीचे छिद्र साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठे असेल, तर परवान्याचा प्रश्न येतो. नेमबाजीच्या स्पर्धेतली १० मीटरची एअर रायफल या दोन्ही मापांच्या आत बसते. पनवेलला सराव करणारी मुले ती घेऊन जातात, त्यांच्याजवळ क्लबचे कागद असतात, सगळे सुरळीत चालते. एअरसॉफ्टची गंमत निराळी. शक्ती म्हणाल तर सर्वसाधारण बंदुकीची एक-दोन जूलच्या आसपास, एअर रायफलपेक्षा कितीतरी कमी. पण छर्रा ६ मिलिमीटरचा! एका मापाने ती सवलतीच्या आत आणि दुसऱ्या मापाने बाहेर. तेव्हा "ही एअरगनच आहे, हिला लायसन्स लागत नाही" असे ठणकावून सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याचे बोलणे दुकानातच ठेवून यावे. मी माझ्याकडच्या बंदुकांच्या नळ्या आतून कायमच्या बुजवून घेतल्या आहेत आणि आतली यंत्रणा काढून टाकली आहे. रंगमंचावर छर्रा उडवायचाच नसतो, मग ती ठेवायची कशाला?

अधिकाराचे म्हणाल तर तो आहे, आणि स्पष्ट आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २३ प्रमाणे कायद्याचा भंग होतो आहे का, हे पाहण्यासाठी पोलीस अधिकारी कोणतेही वाहन थांबवून झडती घेऊ शकतो. शिवाय आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे, १९५१ सालचा, पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. त्याच्या कलम ३७ खाली आयुक्त मनाई आदेश काढतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत ती बातमी असते आणि आपण ती वाचत नाही. त्या आदेशात तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या यांच्याबरोबरच शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला बंदी असते. सणासुदीत, निवडणुकीत, मोर्चांच्या दिवसांत असे आदेश नेहमीचेच. त्या दिवसांत आमच्या ऐतिहासिक नाटकांच्या बोथट तलवारीसुद्धा अडचणीत येतात, तिथे एअरसॉफ्टची काय कथा.

पण कलमांपेक्षा नाक्यावरच्या माणसाच्या मनात काय असते ते समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती. पळवलेली स्कोडा गाडी आली. पोलिसांनी दिवे मंद करायला आणि गाडीतला दिवा लावायला सांगितले. आतल्यांनी त्याऐवजी काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केला, म्हणजे आतले काही दिसू नये. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी पकडून धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे कसाब जिवंत सापडला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

"आतला लाइट लावा" हे नाक्यावरचे वाक्य आपल्याला कटकटीचे वाटते. ज्याला ती रात्र ठाऊक आहे अशा पोलिसाला ते तसे वाटत नाही. मला वाटते, मुंबई आणि नवी मुंबईच्या प्रत्येक नाक्यावर ती स्कोडा थोडीशी उभीच असते.

नवी मुंबईपुरते आणखी एक सांगतो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, उरणच्या शाळकरी मुलांनी सांगितले की आम्ही काही शस्त्रधारी माणसे पाहिली. उरणला नौदलाचा तळ, जवळच जेएनपीटी बंदर, ओएनजीसीचा प्रकल्प. नौदल, एनएसजी, एटीएस, नवी मुंबई पोलीस, सगळे कामाला लागले. मुंबईपर्यंत सावधानतेचा इशारा गेला, दुसऱ्या दिवशी उरणच्या शाळा बंद राहिल्या. हाती काहीच लागले नाही. मुलांनी नक्की काय पाहिले यावर नंतर खूप बोलले गेले. मला त्यात पडायचे नाही. नुसत्या सांगण्यावरून एवढे होते, तर गाडीच्या मागच्या सीटवर उघड्यावर पडलेल्या रायफलवरून काय होईल? पालघर जिल्ह्यात २०१९ मध्ये असेच झाले. चित्रपटात दहशतवाद्यांची किरकोळ कामे करणारे दोन तरुण त्याच वेषात रस्त्यावर उतरले, कोणीतरी पाहिले, आणि ते नट आहेत हे कळेपर्यंत पोलिसांची धावपळ झाली.

अमेरिकेत तर अशा धावपळीला तेवढाही वेळ मिळाला नाही. क्लीव्हलँड शहरात नोव्हेंबर २०१४ मध्ये टॅमिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. तो वाचला नाही. तिथे खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी टोपण असावे असा नियम १९८९ पासून आहे. त्या पिस्तुलाचे टोपण निघालेले होते.

आपल्या नटांनाही ते नारिंगी टोपण आवडत नाही. खलनायक भगव्या नळीचे पिस्तूल रोखतो, हे कसे दिसेल? म्हणून मी टोपणे काढता-घालता येतील अशी करून घेतली. पडदा पडला की टोपण चढते, मगच वस्तू पेटीत जाते. अर्थात टोपणावर फार विसंबू नये. खऱ्या बंदुकीला नारिंगी रंग लावणे काय अवघड आहे? पोलिसालाही ते माहीत असते.

आता प्रत्यक्ष वाहतुकीचे. बंदुका कुलूप लावलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक गाडीच्या मागच्या भागात, ड्रायव्हरच्या हाताला लागणार नाही अशी. मॅगझिन दुसऱ्या पेटीत. ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली, प्रत्येक वस्तूच्या फोटोसह. त्याबरोबर खरेदीच्या पावत्यांच्या प्रती, नाट्यगृहाच्या तारखेची पावती आणि नाट्यसंस्थेचे लेटरहेडवरचे पत्र, ज्यावर प्रयोगाची तारीख आणि अध्यक्षांचा फोन असतो. मोठा प्रयोग असेल, किंवा मनाई आदेश चालू असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतो. नाही म्हणाले तर त्या प्रयोगाला लाकडी पिस्तूल नेतो. स्कूटरवर पाठीच्या सॅकमधून, लोकलमधून, मेट्रोमधून ही वस्तू न्यायची नाही, असे मी संस्थेच्या पोरांना बजावून ठेवले आहे. बॅग तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तर फक्त आकारच दिसतो.

आणि नाक्यावर? गाडी सावकाश घ्यावी, दिवे मंद करावेत, आतला दिवा लावावा, काच खाली, हात स्टिअरिंगवर. काही विचारण्याआधी, डिकी उघडण्याआधी सांगावे, "साहेब, मागे ट्रंकेत नाटकाच्या नकली बंदुका आहेत. कागद आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे, काढू का?" हे आधी सांगणे सगळ्यात मोलाचे. झाकण उघडल्यावर सांगितलेली तीच गोष्ट सबब वाटते. आणि काही झाले तरी बंदूक आपण स्वतः उचलून "हे बघा, खोटी आहे" म्हणून दाखवायला जाऊ नये. ती त्यांना उचलू द्यावी.

एका रात्री ऐरोलीला एका फौजदाराने माझ्या ट्रंकेतले पिस्तूल हातात घेऊन खूप वेळ पाहिले. नळीत टॉर्च टाकला, ती बुजवलेली दिसली, तेव्हा हसून म्हणाले, "काका, नळीत बघेपर्यंत मला कळलं नसतं. आणि नळीत बघायला प्रत्येक वेळी सवड मिळतेच असं नाही."

कधी समाधान होत नाही, आणि वस्तू ताब्यात घेतली जाते. तेव्हा वाद घालून उपयोग नसतो, पण आपली कागदपत्रे मागायची असतात. पंचांसमोर पंचनामा व्हायला हवा, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करण्याची तरतूद आहे, ते मोबाइलवरही होऊ शकते. ते चित्रण आपल्याही बाजूने बोलते, म्हणून त्याला हरकत घेऊ नये. गाडीत महिला कलाकार असतील तर त्यांची अंगझडती महिला पोलिसानेच घ्यायची असते. वस्तू तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेली तर परत यायला वेळ लागतो. माझी एक रायफल अशीच बराच काळ मुद्देमालाच्या खोलीत होती. ज्या नाटकासाठी ती घेतली होती त्याचे पुढचे प्रयोग आम्ही जुन्या लाकडी बंदुकीवर केले, विंगेत फटाका लावून. फटाका एकदा उशिरा वाजलाच.