परदेशातील परिषद आणि प्रवेशाचा प्रश्न

एकाच व्यवसायातील माणसे ज्ञानाच्या व अनुभवाच्या देवाणघेवाणीसाठी एकत्र येतात, त्यास व्यावसायिक परिषद म्हणतात. अशी परिषद परदेशात भरविणे म्हणजे केवळ प्रशस्त सभागृह आणि चांगले हॉटेल शोधणे नव्हे. यजमान देशाचा कायदा, व्हिसा आणि चलनाचा दर या तीन गोष्टी संयोजकांच्या हाती नसतात. त्यांतही कायदा व व्हिसा यांना अग्रक्रम द्यावा लागतो. कारण परिषदेत कोण बसणार हे त्यांवरच ठरते.

या दृष्टीने आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेचा इतिहास विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखा आहे. ही परिषद प्रथम १९८५ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे भरली. १९८७ मध्ये अमेरिकेने एचआयव्हीबाधित परदेशी व्यक्तींना प्रवेशबंदी केली. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका आरोग्य परिषदेस निघालेल्या डच नागरिकाच्या सामानात एड्सवरील औषध सापडले आणि त्यास वाटेतच तुरुंगात ठेवण्यात आले. पुढील वर्षी एड्स परिषद सॅन फ्रान्सिस्कोतच भरली, तेव्हा अनेक संघटनांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. ज्यांच्या आजाराविषयी चर्चा, त्यांनाच दार बंद, हे कसे चालावे?

१९९२ ची परिषद बोस्टन येथे व्हावयाची होती. संयोजकांनी ती ॲमस्टरडॅमला हलविली. ठरलेले शहर सोडणे म्हणजे सभागृह, निवास, प्रवास यांची सारी जुळणी नव्याने करणे होय. तरीही त्यांनी ते केले. पुढे २००० मध्ये ही परिषद दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे झाली. विकसनशील देशात ती प्रथमच भरत होती. तेथे एन्कोसी जॉन्सन या अकरा वर्षांच्या एचआयव्हीबाधित मुलाचे भाषण जगाने ऐकले. अमेरिकेतील बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली, आणि २०१२ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी, परिषद तेथे परतली.

तथापि कायदा बदलला म्हणजे अडचण संपते असे नाही. २०२२ मध्ये माँट्रियल येथील एड्स परिषदेस निघालेल्या अनेकांना, विशेषतः आफ्रिकेतील प्रतिनिधींना, कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही अथवा वेळेत मिळाला नाही. म्हणून निमंत्रणपत्रे कित्येक महिने आधी पाठविणे अगत्याचे असते.

पैशाचा हिशेबही असाच आधी मांडावा लागतो. समजा, डॉलर ८० रुपये असताना प्रतिनिधी शुल्क ठरविले आणि ५०,००० डॉलरचे बिल भरताना दर ८४ रुपये झाला, तर दोन लाख रुपये जादा लागतात. ते कोठून आणावयाचे? हॉटेलच्या करारात ठराविक खोल्यांची हमी दिली असेल, तर रिकाम्या खोल्यांचेही पैसे द्यावे लागतात. व्हिसा नाकारला गेला की हा भुर्दंडही वाढतो.

सारांश, परिषदेचे स्थळ निवडताना पहिला प्रश्न "सभागृह किती मोठे?" हा नसून "येथे कोणाला येता येणार नाही?" हा असावा. त्याचे उत्तर मिळाल्यावरच आगाऊ रक्कम भरावी.